सिल्कीची पिल्लं साध्या पिसांची निघाली! फसवलं का मला? (आणि उन्हाळ्याचं काय?)

कपाशीचं_बोंड
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडे वावरातच घर आहे. गावरान कोंबड्या आईच्या हातच्या, दिवसभर उकिरडा उकरतात, रात्री खुराड्यात. मागच्या हिवाळ्यात हौसेनं नागपूरहून पांढऱ्या सिल्कीची (कापसासारख्या मऊ पिसांच्या कोंबड्यांची जात) तिकडी आणली. विकणाऱ्यानं एक कोंबडा, दोन कोंबड्या म्हणून दिली. पुढे तो कोंबडाच अंडी घालायला लागला! म्हणजे तिन्ही माद्या. मग आमचा गावरान तांबडा कोंबडाच त्यांच्यात फिरला, अंडी बसली, पिल्लं निघाली. लहानपणी सगळी सारखीच मऊ दिसत होती. आता पिसं फुटलीत तर सरळ गावरान पिसं! पायाला बोटं मात्र पाच. डोक्यावर थोडा झुपका. कातडी मळकट, धड काळी नाही, धड गोरी नाही.

तर शंका अशा. माद्या अस्सल सिल्की आहेत की मला भेसळ विकली? मे महिन्यात या टिकतात का? आणि सिल्कीचं मांस काळं असतं, म्हणून गावातला एक जण रोज सांगतो की काळ्या मटणाचा फार्म टाक. टाकू का?

जुनाट_खुराडं
भाऊ, कोंबड्या अस्सलच हायेत. विकणाऱ्यालेई दोष देऊ नका लय. सिल्कीचं पिल्लू नर का मादी हे चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत भल्याभल्यायले कळत नाई. बाकी कोंबड्यायचा तुरा लवकर लाल होते, यायचा तुरा अक्रोडासारखा गाठीचा, जांभळट, आन् नराचाई सुरवातीले बारकाच. शेपटीची पिसं पाहून ओळखाव म्हणलं तं शेपटीले पिसंच कुठं हायेत, झुपका हाये. डोक्यावरचा झुपका पाहा. मादीचा गोल, चेंडूसारखा. नराच्या झुपक्यातून मागं लांब तंतू निंगतात. तेई मोठं झाल्यावर. म्हणून लहान पिल्लायची 'जोडी' कोनी देत असंल तं जोडी म्हणून घेऊच नका. पाच-सहा पिल्ले घ्या, त्यातून जे निंगन ते निंगन.

प्राणीशास्त्र_अमरावती
जुनाट काकांचं बरोबर आहे. पिसांची भानगड मी सांगतो, शिकवायचा विषयच तो आहे.

साध्या पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू असतात आणि त्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे अगदी बारीक आकडे असतात. म्हणून पीस सपाट राहतं, पाणी ओघळून जातं, पंख हवा कापतो. सिल्कीत ते आकडे नीट तयार होत नाहीत. तंतू सुटे राहतात, म्हणून पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच दिसतो. तुमच्या पिल्लांना तो फक्त आईकडून मिळाला. पिसं साधी, पण गुण अंगात लपलेला. पाच बोटं, झुपका, गाठीचा तुरा हे गुण एकाच बाजूनं आले तरी दिसतात. त्यामुळे तुम्ही जे वर्णन केलंय, ते अस्सल सिल्की मादी आणि गावरान नर यांच्या पिल्लांचंच आहे. कोंबड्यांवर शंका घेऊ नका.

आता गंमत कातडीची. सिल्कीचं कातडं, हाडं, मांसावरचं आवरण, सगळं काळपट. तो काळेपणा एकाच बाजूनं आला तरी उतरतो, पण तो दाबून टाकणारा दुसरा एक गुण असतो आणि तो लिंगाशी जोडलेला. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबड्यांत तो बहुधा असतो. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये नेमका हाच प्रयोग छापला. सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न (कोंबड्यांची दुसरी एक जात) यांचा संकर. सिल्की नर आणि लेगहॉर्न मादी घेतली तर मुली काळ्या, मुलगे उजळ. उलटं केलं, म्हणजे मादी सिल्की घेतली, तर दोन्ही उजळ. तुमचं तांबडं गावरान कोंबडं पिवळ्या पायाचं आहे का?

कपाशीचं_बोंड
हो सर! पिवळेधम्मक पाय. आता समजलं. मग या पिल्लांचं करू काय?

प्राणीशास्त्र_अमरावती
त्यातला एक चांगला नर मोठा करा आणि सिल्की मादीवरच लावा. त्या खेपेला साधारण निम्मी पिल्लं कापसाच्या पिसांची निघतील. नात्यात नातं होतं, पण एका पिढीपुरतं चालतं. पुढे मात्र बाहेरचा सिल्की नर आणाच, नाहीतर अंडी फुसकी जायला लागतात आणि पिल्लं मरतुकडी निघतात.

वरूडचा_संत्रा
निम्मी म्हणजे दहातली पाच नक्की का?

प्राणीशास्त्र_अमरावती
नाही हो. नाणं दहा वेळा उडवलं तर पाच छापा नक्की येतात का, तसंच. शंभर पिल्लं काढलीत तर आकडा निम्म्याच्या आसपास दिसेल.

वैनगंगाकाठ
मी ब्रह्मपुरीकडची. आमच्याकडे सिल्की आहेत त्या अंड्यांसाठी नाहीत, मटणासाठी तर नाहीच नाही. त्या आहेत खुडूक बसवायला, म्हणजे अंड्यांवर बसवून पिल्लं काढायला.

गावरान कोंबडी खुडूक बसते, पण तिच्या मर्जीनं. सिल्कीला निमित्त लागत नाही. दहा-पंधरा अंडी घातली की झाली खुडूक. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या डाल्यात बसते, गोटा ठेवला तर गोट्यावर बसते. वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी सांगतात खरी, पण ती कोण मोजणार, अर्धा काळ बाई बसलेलीच असते. अंडी बारकी, मलईच्या रंगाची. म्हणून आम्ही तिच्याखाली गावरान अंडी ठेवतो. अंग लहान, तेव्हा सहा-सात, फार तर आठ गावरान अंडी. त्याहून जास्त ठेवली की कडेची गार पडतात. तिची फिरवाफिरव चालूच असते, म्हणून आज कडेला असलेलं अंडं उद्या मध्ये जातं आणि होता होता सगळीच बिघडतात. हावरटपणा करू नये.

बदकाची अंडीही बसवतो. कोंबडीला एकवीस दिवस, बदकाला अठ्ठावीस. सिल्की तो वरचा आठवडाही कुरकुर न करता बसते. पिल्लं मात्र निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोडीत (तळ्यात) उतरतात आणि ही काठावर नुसती कॉक-कॉक करत येरझाऱ्या घालते. पाहवत नाही. पण पाण्यात उतरू नका हे तिला सांगणार कोण? भिजली तर हीच मरेल.

बसवण्याआधी एक काम न चुकता करायचं. डाल्यात चुलीची चाळलेली राख आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा, आणि कोंबडीलाही पंखाखाली, शेपटीखाली राख चोळायची. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, धुळीत लोळत नाही, आणि सिल्कीच्या त्या दाट लोकरीत उवा-पिसवा अशा माजतात की ती अंडी टाकून उठते. झुपका वेगळा करून मुळाशी पाहायचं. पांढरी अंडी चिकटलेली दिसली तर आधी उपचार, मग बसवणं.

उद्योगी_पोट्टा
सगळे हौसेचंच बोलून राहिले. धंद्याचं बोला न राजेहो. काळं मटण, काळी हाडं, म्हणजे कडकनाथच झाला न. चीनमध्ये याचं सूप औषध म्हणून पितात. विदर्भात कोनाजवळच नाही. पहिला जो करेल तो कमावेल.

जुनाट_खुराडं
पोट्टेहो, २०१९ साल इसरले का? सांगलीकडून कडकनाथचं जे प्रकरण निंगालं त्यात आपल्या इकडलेई शेतकरी हात पोळून बसले. पिल्ले आम्ही देऊ, अंडे आम्ही घेऊ, असं गोड बोलले. अंडे घ्याच्या टायमाले कोनीच नाई. कोंबडीत खोट नव्हती. विकत कोन घेईन, हे कोनी इचारलंच नव्हतं.

वैनगंगाकाठ
शिवाय हिशोब करा. सिल्की वाढते सावकाश. मोठी झाली तरी किलो-दीड किलो. त्यातली लोकर काढली तर हातात काय येतं? कडकनाथ निदान उघड्यावर चरतो, झाडावर चढून बसतो, कुत्रं आलं तर पळतो. ही उडत नाही, झुपक्यामुळे वरचं दिसत नाही. शिकरा डोक्यावर येईपर्यंत तिला पत्ता नसतो. तिला फार्म नाही, घरचंच अंगण लागतं.

प्राणीशास्त्र_अमरावती
एक जोड: कडकनाथ आणि सिल्की यांचा काळेपणा एकाच जुन्या जनुकीय बदलातून आलेला आहे, इंडोनेशियाच्या काळ्या कोंबडीतही तोच. म्हणून 'काळं मटण' हे नातं खरं आहे. पण कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, उन्हातलाच पक्षी, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सिल्की चीनकडची. तेराव्या शतकात मार्को पोलोनं तिकडच्या, मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे.

पुणेरी_उपरा
मी यांना शांपूनं आंघोळ घालतात असं व्हिडिओत पाहिलं. ड्रायरसुद्धा मारतात. तुम्ही घालता का?

जुनाट_खुराडं
आमी सोताच पानी पाहून आंघोळ करतो बावा.

कपाशीचं_बोंड
😀 उन्हाळ्याचं सांगा ना पण. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो.

जुनाट_खुराडं
सांगतो. कोंबडीले घाम येत नाई. तिचं आंगच मुळात ४१ च्या आसपास तापेल असते. बाहेरची हवा त्याच्याहून तापली का आंगातली गर्मी जाईन कुठं? चोच उघडून धापा टाकते, त्यातून जे पानी उडते तेवढाच आधार. आन् सिल्कीच्या आंगावर तं वरून गादी.

टिनाखाली ठेवू नका. ठेवाच लागत असंल तं टिनावर तुराट्या-पऱ्हाट्यायचा जाड थर टाका, वरून पानी मारा. भितीच्या जागी जाळी, त्याच्यावर बारदान लटकवा, दुपारी ओले करा. पान्याचं भांडं मातीचं, सावलीत, दिवसातून तीनदा पानी बदला. खाद्य पहाटे आन् दिवस बुडल्यावर. दुपारी पोटात दाना असला का पचवाची गर्मी आनखी वाढते. मेडिकलातलं ओआरएस पान्यात देल्लं तरी चालते.

आन् हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात हवा कोरडी असते, तवा ओलं बारदान, कूलर, हे सगळं काम करते. मिरगाचा पह्यला पाऊस पडला का दमट होते. तवा पानी मारून काईच होत नाई, उलट जास्त उकडते. तवा वारा पायजे. पंखा लावा, बारदान काढून टाका. कोंबड्या मे महिन्यातल्यापेक्षा जूनच्या त्या आठ दिवसांतच जास्त मरतात, मी पाह्यलं.

वैनगंगाकाठ
काका, त्यात एक भर. एप्रिल-मे-जूनमध्ये अंडी बसवूच नका. तापमान एकवीस-बावीस अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. आपल्या घरात तेव्हा चाळीस. म्हणजे कोंबडीखाली ठेवण्याआधीच अर्धवट वाढ होते आणि जीव मरतो. लोक म्हणतात कोंबडा नामर्द आहे. कोंबडा ठीक असतो. अगदीच ठेवायची झाली तर माठाखालच्या ओल्या रेतीवर, निमुळतं टोक खाली करून, आणि तीन-चार दिवसांच्या आत बसवायची.

शिवाय खुडूक सिल्की उन्हातही उठत नाही. बसल्या बसल्या मरते, पण उठत नाही. दुपारी हातानं उचलून पाण्यावर न्यावी लागते. खुडूकपणा मोडायचा असेल तर खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, डाल्याशिवाय, तीन-चार दिवस. पोटाखाली वारा लागला की उतरते.

तिरोड्याची_भिंगरी
आणि पावसाळा? आमच्याकडे धानाचं तूस भरपूर आहे, तेच अंथरतो.

वैनगंगाकाठ
तुस उत्तम, फक्त रोज उलटायचं आणि ओलं झालं की काढून टाकायचं. ओल्या तुसात रक्ती हगवण ठरलेली.

कपाशीचं_बोंड
आमच्याकडे तुस नाही, सोयाबीनचं कुटार आहे. आणि जमीन काळी. मागच्या पावसात एकीच्या पायाला मातीचे गोळे झाले होते.

जुनाट_खुराडं
ते होनारच. सिल्कीच्या पायालेई पिसं असतात, बोटायपर्यंत. काळी माती चिकटते, वाळते, गोट्यावानी घट्ट होते. ओढून काढू नका. ओढलं तं पीस मुळासकट निंगते, रगत येते, कधी नखई जाते. कोमट पान्यात पाय बुडवून दहा मिनिटं धरा, माती आपोआप सुटते. मंग बोटाबोटांतून पुसा. पाचवं बोट वरच्या बाजूनं वळेल असते, त्याच्या बगलेत माती राह्यते, ते पाहा. नंतर थोडं खोबऱ्याचं तेल. अंगणात दोन ट्रॉल्या मुरूम टाका, अर्धं दुखणं जाते. आन् पह्यल्या पावसापासून कोजागिरीपर्यंत बाहेर सोडूच नका. यायचं पीस पानी झटकत नाई, आंगापर्यंत भिजते. भिजली का कोपऱ्यात गोळा होऊन बसतात, एकमेकीच्या आंगावर चढतात, खालची गुदमरून मरते.

कुटार चालते, पन जुनं बुरशी लागेल नको.

पशुवैद्य_वर्धा
उशिरा आलो. बरंच चांगलं सांगून झालंय. एका गोष्टीवर बोलतो, कारण दर पावसाळ्यात यावरून फोन येतात: 'डॉक्टर, सिल्कीची मान वाकडी झाली, मानमोडी आली, सगळ्या विकू का?'

थांबा. प्रत्येक वाकडी मान मानमोडी नसते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, कळपात शिरली की एकीवर थांबत नाही. दोन-चार दिवसांत बऱ्याच जणी सुस्त होतात, हिरवट-पांढरी हगवण, श्वास घेताना आवाज, आणि मग माना, लुळे पाय. लस न दिलेल्या कळपात मर मोठी होते.

सिल्कीचं वेगळं आहे. तिच्या झुपक्याखाली बऱ्याच पक्ष्यांत कवटी फुगीर असते आणि तिथं हाड पूर्ण भरलेलं नसतं. झुपका हलकेच बाजूला करून बोट लावलं तर गुठळीसारखा उंचवटा लागतो. गावरान कोंबड्यानं तिथं एक टोच मारली की मेंदूला इजा. मग एकच पक्षी, अचानक, मान पाठीवर उलटी टाकून चकरा मारतो. बाकीच्या ठणठणीत. ई जीवनसत्त्व कमी पडलं तरी असंच दिसतं, विशेषतः खूप दिवस साठवलेल्या खवट खाद्यावर. अशा पक्ष्याला वेगळं ठेवा, हातानं पाणी-खाद्य भरवा, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम डॉक्टरला विचारून द्या. काही आठवडे लागतात, पण बरेच सावरतात. म्हणून गावरान नर आणि सिल्की माद्या एका खुराड्यात मला पसंत नाहीत. पिल्लं मिळतील, डोकी फुटतील.

तिसरं, मरेक्स. दीड-दोन महिन्यांपासून पाच महिन्यांपर्यंतचा पक्षी, एक पाय पुढे, एक मागे ताणलेला, खातो पण उठत नाही. सिल्की या रोगाला फार लवकर बळी पडते. यावर उपचार नाही. लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली द्यावी लागते, म्हणून पिल्लं विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

बाकी नेहमीचं: पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा (राणीखेतची लस), चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, महिन्यानं पुन्हा लासोटा, दोन महिन्यांनी आर-टू-बी (तीही राणीखेतचीच), आणि देवीची लस. बाटली शे-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. तुमच्या पाच कोंबड्यांसाठी ती परवडत नाही, म्हणून कोणी देतच नाही. शेजारच्या चार घरांना त्याच दिवशी बोलवा. बर्फात ठेवून आणा, पँटच्या खिशात नाही.

वरूडचा_संत्रा
खिशातून आणलेली लस आमच्या गावात मी पाहिलीय डॉक्टर 🙏

कपाशीचं_बोंड
डॉक्टर, खाद्य म्हणून घरची सरकी ढेप थोडी मिसळली तर?

पशुवैद्य_वर्धा
नको. म्हशीला चालते, कोंबडीला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. कोंबडीची वाढ खुंटते, आणि अंडी साठवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो, उबवणही बिघडते. कापसाच्या जिल्ह्यात हा मोह सगळ्यांना होतो. सोयाबीन ढेप, मका, थोडा तांदळाचा कोंडा, अंड्यावरच्या पक्ष्यांना शिंपल्याचा चुरा. कच्चं सोयाबीन मात्र भाजल्याशिवाय देऊ नका.

उद्योगी_पोट्टा
बरं, फार्म राहू द्या. पन गावरान पिल्लेच विकायची ठरवली, आन् उबवायला सिल्की ठेवल्या, तं मशीनपेक्षा परवडते का?

वैनगंगाकाठ
आता बोललास कामाचं. आमच्याकडे तेच आहे. मशीनला ३७.५ अंश सतत लागतात, आणि रात्री लाइन गेली तर सकाळी हातात काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. सिल्कीला लाइन लागत नाही. निघालेली पिल्लंही तीच सांभाळते, बल्ब नको, शेगडी नको. मांजर आलं तर अंगावर धावून जाते, तेवढी एकच वेळ तिला राग येतो. चार-पाच सिल्की असल्या की थंडीच्या दिवसांत एक ना एक बसलेलीच असते. तिच्याकडून पाचशे पिल्लं निघणार नाहीत, पण आठवडी बाजारात गावरान पिल्लांना गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं, ते कडकनाथसारखं शोधायला जावं लागत नाही.

दोघी एकदम खुडूक झाल्या तर डाली मात्र लांब ठेव. जवळ ठेवलीस तर दोघी एकाच डाल्यात घुसतात आणि दुसऱ्यातली अंडी गार.

कपाशीचं_बोंड
ताई, तुमच्याकडे सिल्की नर आहे का? नाहीतर अंडी तरी?

वैनगंगाकाठ
नर एकच आहे, तो देणार नाही. अंडी देईन, पण आता नाही, दिवाळी झाल्यावर. शेपटीखालची लोकर कातरली की अंडी जास्त भरतात (फलित होतात), ते तेव्हाच करते. तुमच्याकडे नर आला की तुम्हीही करा, नराची आणि मादीची दोघांचीही.

आणायला स्वतः या. डबा, तळाला तुस, अंडी निमुळतं टोक खाली, एसटीत मांडीवर. मागच्या सीटवर बसू नका, तिथं सगळ्यात जास्त आदळतं. घरी गेल्यावर लगेच कोंबडीखाली ठेवायची नाहीत. एक दिवस गार जागी, हलवाहलव न करता राहू द्या, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर एकेक करून सरकवा. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं पिवळं दिसलं तर काढा.

जुनाट_खुराडं
आन् आखाडीले पाहुणे आले तं सिल्की दाखवू नका. 'हे कापसाचं कोंबडं लागते कसं?' असं इचारनारा एकतरी निंगतेच.